आनंदीची सोमवारची चाचणी

६ फेब्रुवारी २०१२, सोमवार

पुन्हा तेच! तिसरीचा सोपा उतारा, आणि आनंदी 'घर'पाशी अडखळली. 'दुष्काळ' मात्र सरळ वाचून गेली. वर्षभर या पोरीला अक्षरं उलटसुलट दिसायची. रोज वाचनात अडणाऱ्या मुलांसाठीच्या माझ्या रिसोर्स रूममध्ये बसवून बसवून दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आणली होती. आता हे काय नवीन?

मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या — महिनाअखेर ती पूर्णवेळ वर्गात जाणार नसेल तर घरच्यांना विशेष शाळेचं सुचवू. इतक्या सौम्य आवाजात, की भांडताही येईना.

८ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डोकावले. सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या. मग उल्काबाई — "तुमचं बरंय हो, एका वेळी एकच मूल. आम्हाला पन्नास!" चहा न घेताच परत आले.

खोलीत आनंदी डबा उघडून माझी वाट बघत होती. रोज येते. मैदानावर जा म्हटलं तर — "नको बाई, ऊन हाय."

आई गेल्यापासून कर्वेनगरच्या घरात माझा आवाज निघतो तो फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजताना. ही पोर आणखी एक वर्ष माझ्याकडेच राहिली तर... शी! शिक्षिका ना मी? पण लिहिलंय ते खोडत नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा चुका. गेल्या वेळी अकरा होत्या.

१७ फेब्रुवारी

आनंदीची आजी, सोजरबाई, धायरीहून आली. चाचणीचे कागद दाखवले तर हसायलाच लागली. "ही वाचत न्हाई? अवं बाई, रोज सांच्याला मला पेपर वाचून दावती. कोण मेलं, कोण पडलं, समदं!"

आजीची माया, असं मनाशी म्हटलं आणि विषय बदलला. सिस्टरना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते मला पक्कं ठाऊक आहे.

२० फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. दिवसभरात कुणाशीही बोलले नाही.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी सिस्टर चॅपेलमधून, त्यांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची राख कपाळावर लावून, थेट माझ्याकडे. "वर्ग की विशेष शाळा, शिफारस आजच द्या."

आनंदीला समोर बसवलं. पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "मुद्दाम चुकतेस ना गं?"

तिने पुस्तक बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला वर्गात मैत्रिणी हायत, बाई. तुम्हाला कोण हाय?"

कागदावर लिहिलं — उद्यापासून पूर्णवेळ वर्गात. सही केली. मग तिच्यासमोरच रडले.