मानशीचं दार

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार
आज दार उघडायला सव्वादहा झाले. काल साडेनऊ. भरती रोज पुढे सरकते, तसा आमचा दिवसही.
कयाकवाले सतरा आले. कपडे बदलायला खोल्या दोनच! नळाला पाणी बारीक, म्हणून बाल्दी भरून ठेवली. एका बाईने विचारलं, मानस म्हणजे नक्की काय? सांगितलं — नदी आणि आतली खाडी यांच्यामधलं दार. बाहेर एक पट्टी, आत एक, दोन्हींवर आकडे. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की रघुनाथकाका चाक फिरवून दार वर घेतात, हिरवा बावटा दाखवतात, मग होड्या आत.
‘त्याआधी उघडलं तर?’
उघडत नाहीत, म्हटलं.

९ डिसेंबर, मंगळवार
काका मोठ्याने ‘सहा’ म्हणाले आणि चाकाला हात घातला. आतल्या पट्टीवर सहा, पण बाहेरच्या पट्टीवर आठ होते. मला जेटीवरून स्वच्छ दिसत होतं. ओरडले — काका, आठ! ते थांबले.
नंतर लाइफजॅकेटच्या खोलीत आले. बराच वेळ एक पट्टा उगाच घट्ट करत बसले. मग म्हणाले, ‘गो सुविधा, माका आकडे दिसनत नाय. दिवाळेपासून.’ आणि — ‘कोणाक सांगू नको. पाच म्हयने रवले.’ म्हणजे निवृत्तीला.
लाइफजॅकेटं देण्या-घेण्याचं हे काम मला त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं. हो म्हटलं.

१० डिसेंबर
मी आकडे ओरडते. ते दार उघडतात. जमलं.

२८ डिसेंबर, रविवार
गर्दी. मये गावची अंकिता बारा पाहुणे घेऊन आली. कयाकवाल्यांना फिरवणं हाच तिचा धंदा, आणि दारातून पहिली होडी नेहमी तिची. बडबड किती! माझ्यासाठी हळर्णच्या पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे पाव आणले होते. म्हणाली, ‘ताई, तू कित्याक आकडे सांगता गो? काकांक दोळे नात?’
मी हसले. काका हसले नाहीत.

१९ जानेवारी, सोमवार
उद्या डिचोलीला जायचं. धाकट्या बहिणीच्या, क्षमाच्या मुलीचं बारसं. काकांना म्हटलं, उद्या दार बंद ठेवा, चाक अडकलं म्हणून सांगा.
‘बघूया,’ म्हणाले.

२० जानेवारी, मंगळवार
मुलीला पाळण्यात घालत होतो तेव्हा फोन आला.
काकांनी दार उघडलं तेव्हा बाहेरचं पाणी चांगलं हातभर वर होतं. लोंढा आत घुसला. अंकिताची होडी उलटून दगडी भिंतीवर आपटली. मागचे पाहुणे वाचले. तिचं खांद्याचं हाड मोडलं, म्हापशाला नेलं.
मुलीचं नाव काय ठेवलं, ते घरी आल्यावर नवऱ्याने, गौरेशने विचारलं. आठवेना!

२२ जानेवारी, गुरुवार
ऑफिसातून साहेब आले. काकांशी आधीच बोलून झालं होतं त्यांचं. मला एकटीला बोलावलं. ‘रोज तुम्ही समोर असता. रघुनाथना नीट दिसतं ना?’
दिसतं, म्हटलं.
‘लिहून द्या.’
दिलं. तीन ओळी, खाली सही. अक्षर चांगलं आलं.
काकांसाठी केलं असं वाटतंय. पण मला सहा आठवडे माहीत होतं, हेही त्यात झाकलं गेलं. ते आधी मनात आलं की काका आधी, आता सांगता येत नाही.

३० जानेवारी
चौकशीचा निकाल लागला. बावटा दाखवण्याआधीच अंकिताने होडी आत घातली, चूक तिची. तिचा परवाना रद्द.
काका रोज येतात. दार बंदच आहे. आम्ही बोलत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मयेला जाऊन आले. अंकिताचा हात गळ्यात बांधलेला. तिच्या आईने चहा दिला. घराच्या मागे पाच कयाक उलट्या घालून ठेवल्या आहेत, वर ताडपत्री.
ती आज बडबडली नाही. एवढंच — ‘ताई, हिरवो बावटो दाखयलेलो. मी पिशी-वेडी न्हय गो. सगळे म्हणतात, भिंतीवर डोकं आपटलं म्हणून तुला तसं वाटतं. तुका तरी पटता मू?’
पटतं, म्हटलं. आणि चहा संपवला. काय बाई आहे मी!

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज काकांना विचारलंच — साहेबांना तुम्ही काय सांगितलंत?
‘खरां तां सांगितलंय. त्याच सांजेक. माका दिसना म्हणून.’
साहेब म्हणाले होते, तुम्ही घाबरलात, काहीतरी बोलताय. दोन दिवसांनी माझा कागद दाखवला. बघा, सुविधाबाई लिहून देतात तुम्हाला दिसतं. तेव्हा काका गप्प झाले. ‘तुका खोटी पाडू कशी? तुझी नोकरी गेली असती.’
मी त्यांच्यासाठी गप्प, ते माझ्यासाठी. चौदा दिवस!
दुपारच्या बसने दोघंही ऑफिसात गेलो. मी दुसरा कागद लिहिला, पहिल्यापेक्षा लांब. सही केली. काकांनी विचारलं, ‘माजी खंय?’ त्यांचं बोट धरून जागा दाखवली.