घासलेल्या दोन बाटल्या

२ डिसेंबर
सफाईचा खर्च: गरम पाणी एक बादली, लिंबं दोन, नारळाचा काथ्या. गेलं काय: दोन लेबलं, आणि त्यांच्यासोबत फ्रान्सच्या व्याह्याच्या घरची एक रीत.
अनिकेतनं बाटल्या स्वेटरात गुंडाळून आणल्या होत्या. होणाऱ्या सुनेच्या, एलोडीच्या बापानं दिलेल्या. त्यांच्या द्राक्षमळ्याच्या तळघरातली धूळ, बुरशी जशीच्या तशी. बायकोनं, सु.नं, लग्नघर म्हणून घासून आरशासारख्या केल्या.
"इतकी घाण पावण्यायपुढं ठेवू का मी? मले काय माहीत, धुळीलेबी मान असते म्हणून!"
हात लावू नका, असं अनिकेतनं फोनवर बजावलं होतं. मला. मी कळमन्याच्या फळबाजारात, संत्र्याचा लिलाव चालू. हो हो म्हटलं. सु.ला सांगायचं...

३ डिसेंबर
पोरगं जेवलं नाही. आज नीट सांगितलं. एक बाटली ९६ ची, एलोडीच्या जन्मसालाची. बाप बेर्नार ह्यानं स्वतः केलेली पहिली वाइन. पोरीच्या लग्नात बाप उघडतो, पहिला पेला व्याह्याला. दुसरी ९५ ची. बेर्नारच्या बापाच्या हातची शेवटली, तेवढीच उरली. ती नातवंडाच्या बारशाला. त्याआधी नाही.
"मग कोणती कोणती?"
"तेच तर, बाबा."
साल आतल्या बुचावर छापलेलं. म्हणजे उघडल्यावरच कळणार. डोकं फिरलं.

५ डिसेंबर
साळा भास्कर खाप्याहून आला.
"भाऊजी, काहून टेन्शन घेऊन राहिले? दोनी उघडून टाका. सोडा मी आणतो."
हसू आलं, मग संताप. सगळ्यांसमोर बोलून गेलो: नागपूरच्या महाल भागात हातगाडीवर संत्री विकून वर आलो. फळ न सोलता, नुसतं तळहातावर घेऊन आंबट-गोड सांगतो. आजवर चुकलो नाही. बाटली काय चीज आहे!

८ डिसेंबर
बेर्नार आला. नखांत माती, आपल्या बागवाल्यांसारखी. बाटल्या उजेडात धरल्या. बराच वेळ. ओरडला असता तर बरं झालं असतं. सु.नं कान पकडले, त्यानं तिचे हातच हातात घेतले.
अनिकेत सांगतो, त्यांनाही ओळखू येत नाही. काच तीच, मळा तोच. बाप गेला त्या वर्षी बेर्नारनं काहीच बदललं नव्हतं, सगळं बापासारखंच केलं. "निवडा म्हणतात तुम्ही. तुमचा हात फार भारी आहे म्हणे."
माझी बढाई तिकडं पोचवली! गाढव.

१० डिसेंबर
दोन्ही तळहातावर घेतल्या. वास घेतला, लिंबाचा येतो. सकाळी डावी जड वाटली, दुपारी उजवी.
सु. दारातून: "बोलून राहिली का बाटली काही?"
डावी. बस.

१२ डिसेंबर
रजिस्टर लग्न झालं, मग मनीषनगरला घरीच जेवण. केटररचा माणूस पेल्यांत टाकायला बर्फ घेऊन आला, हाकलला. बेर्नारनं बूच काढलं, पाहिलं, खिशात घातलं. पहिला पेला मला. तुरट. मागून ओल्या मातीसारखं काहीतरी. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, दोनच शब्द बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
"काय म्हणाले गा?"
"काही नाही बाबा. छान आहे म्हणे."
लिलावातली कुजबुज ऐकून पैसा केला मी. 'छान' असं नसते म्हणत कोणी. तरी भास्करला सुनावलं, पाह्यलं? चुकत नसतो.

१५ डिसेंबर
पाहुण्यांना विमानतळावर सोडलं. एलोडी-अनिकेतही गेले. उरलेली बाटली बेर्नारनं आमच्याकडेच ठेवली. का, ते सांगितलं नाही. सु.नं ती दिवाणात आडवी घातली. "बसू द्या आता धूळ. हात नाही लावत मी."
निघताना बेर्नारनं मिठी मारली, मुठीत काहीतरी कोंबलं. गाडीत बसल्यावर मूठ उघडली. बूच. चष्मा लावून पाहिलं.
९५.