गुरुवारचा कोरा कागद

वसतिगृह, खोली एकवीस
३ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शेपटाचा सा. न. वि. वि.

आधी पत्र पूर्ण वाच, मग काय ओरडायचं ते ओरड. परवा परीक्षा विभागाच्या फलकावर एक सूचना पाहिली आणि तिथंच उभी राहून वहीत उतरवून घेतली. ज्यांचा पदवीचा एकच पेपर राहिलाय, मग ते कितीही वर्षांपूर्वीचे असोत, त्यांना या मे महिन्यात शेवटची संधी आहे. त्यानंतर त्या सगळ्यांची नावं नोंदवहीतून कायमची कमी होणार. तुझा एकच राहिलाय, ताई. संख्याशास्त्र, पेपर तिसरा. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी तू सोडून दिलास तो. अकरा वर्षांत तू त्याचं नाव काढलं नाहीस, पण डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक तुझ्या शिवणाच्या डब्यात आहे हे मला ठाऊक आहे. पदवी हवी आणि वय पस्तिशीच्या आत हवं, असं त्यात छापलंय. तू तेहतीस वर्षांची आहेस. एवढी वजाबाकी मला येते.

आणि नेमका हाच पेपर तिसरा मी इथं घेते! शिकवत नाही हं. नापास झालेल्या नऊजणांचा गट आहे आणि मी त्यांच्याहून एकच वर्ष पुढची, त्यांची गटप्रमुख. गटप्रमुखानं उत्तर सांगायचं नाही, कुणी काही विचारलं की प्रश्न गटाकडेच वळवायचा, असा नियम आहे. माझ्या तोंडाला कुलूप घालणारी जागा अखेर सापडली, हे बाबांना जरूर कळव. तिकडं दोघीतिघी जमव. प्रश्नांचे कागद मी पाठवते, तू गटप्रमुख हो.

लोभ आहेच, तो फॉर्म भरून सिद्ध करावा.

तुझं
शेपूट

*

१४ जानेवारी

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद.

माझा शिवणाचा डबा उपसलास म्हणून आधी कान उपटून घे. मग ऐक, फॉर्म भरला.

खरं सांगते, तुझं पत्र आलं नसतं तर भरला नसता. पण त्याच आठवड्यात मालकांनी सांगितलं की चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र मागवलंय, जूनमध्ये येईल. काच आत टाकली की कडा घासून, फ्रेमच्या मापानं बाहेर. म्हणजे मी घासायच्या चाकापाशी बसून दिवसभरात जेवढं करते तेवढं ते चहा गार व्हायच्या आत करणार. मालक वाईट नाहीत. मी डोळे तपासायला शिकणार असेन तर मला ठेवतील, शिकत असतानासुद्धा ठेवतील, नाहीतर घासणारीचं काय करायचं हे त्यांनाही कळत नाही. त्यामुळं हौस वगैरे काही नाही, गरज आहे.

गट जमला. एक आपल्या वरच्या मजल्यावरची नर्स. दुसऱ्या बालवाडीच्या बाई, ज्यांचा चष्मा दर दोन महिन्यांनी एखादं पोर बसून मोडतं आणि मी सरळ करते. दोघींचाही हाच पेपर राहिलाय. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं, मालकांनी मागची खोली दिलीय. चाकाशेजारी तीन स्टुलं मांडलीत. कागद लवकर पाठव. बाबा ठीक आहेत. तुझ्या कुलपाची बातमी ऐकून दोन दिवस हसत होते.

लोभ आहे, पण डब्याला हात लावू नये.

तुझी
ताई

*

२ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत बारा कागद आहेत, प्रत्येकावर एका धड्याचा गोषवारा आणि खाली प्रश्न. आता नियम ऐक, आणि मी धाकटी आहे हे घटकाभर विसर.

धडा एकदा वाचायचा, मिटायचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. पुन्हा पुन्हा वाचून रेघा ओढायच्या नाहीत. त्यानं सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि येत काहीच नसतं. तोच धडा तीन दिवसांनी परत, मग आठवड्यानं परत. उदाहरणं मिसळून करायची. आणि जिला समजलं तिनं जिला नाही समजलं तिला सांगायचं, कारण सांगताना आपलीच भोकं दिसतात. तू मात्र गप्प. हे सगळ्यांत अवघड आहे, माझी तर जीभ चावून चावून बारीक झालीय. माझ्या गटात एकजण सतत पेनाचं टोपण उघडझाप करतो. त्याला काल मी तेरा मिनिटं काहीच सांगितलं नाही आणि चौदाव्या मिनिटाला त्याचं त्यालाच सुटलं. ताई, त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास!

लोभ असू द्यावा, कागद हरवू नयेत.

तुझं
शेपूट

*

१ मार्च

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद.

तीन गुरुवार झाले. पहिल्या गुरुवारी आम्हा तिघींचे कोरे कागद कोरेच राहिले. नर्सनं आपल्या कागदावर नाव आणि तारीख घातली आणि म्हणाली की एवढं तरी बरोबर आहे ना ते गटप्रमुखांनी तपासावं. मी प्रश्न गटाकडे वळवला. हसून हसून आम्हा तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. आता बरं चाललंय, पण अजूनही कागद पुढं आला की पोटात गोळा येतो. रोज शंभर काचा हाताखालून जातात, बोटांना न बघता कळतं कुठं किती घासायचं. इथं बघूनही कळत नाही. गेल्या आठवड्यात या नादात मी एका काकांच्या फ्रेममध्ये भलत्याच काकांच्या नंबरच्या काचा बसवल्या. काम इतकं सुबक झालं होतं की मालकांनी आधी कौतुक केलं. मग काका दारातल्या पायरीवरून पडता पडता वाचले.

एक विचारायचं होतं. बाईंकडे त्यांचं जुनं पुस्तक आहे. त्यात निर्देशांकांवर, म्हणजे भाव किती वर गेले ते मोजायच्या आकड्यांवर, एक भला मोठा धडा आहे. आयुर्मानाच्या कोष्टकांवर दुसरा आहे. मलाही अंधुक आठवतं की सर त्यावर महिनाभर अडकले होते. तुझ्या कागदांत ते कुठंच नाही. उलट संभाव्यता आणि गृहीतकांच्या चाचण्या हे आम्हा तिघींना अगदी नवं वाटतं. बाई दर गुरुवारी विचारतात. मी नियमाप्रमाणे गप्प बसते, पण मनात म्हटलं तुला विचारावं. आपण सगळं वाचतोय ना?

लोभ असावा, उत्तरही असावं.

तुझी
ताई

*

९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काकांचा किस्सा गटाला सांगितला, टोपणवाला खुर्चीवरून पडला.

निर्देशांक वगैरे सगळं चार वर्षांपूर्वीच गेलं, ताई. पेपर तिसऱ्यात ते आता नाही, मी स्वतः हा पेपर देऊन बसलेय. बाईंना म्हणावं, जुनं ओझं खांद्यावरून उतरवा. खरं तर ते पुस्तक तू काढूनच घे आणि कपाटात ठेव, कारण हाताशी पुस्तक असलं की माणूस उघडतोच. आणि नवं वाटतं म्हणून घाबरू नकोस. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटणं हीच खूण आहे, तेव्हाच डोकं खरं काम करत असतं. पोटातला गोळा म्हणजे पद्धत लागू पडतेय. माझे नऊचे नऊजण याच गोळ्यातून गेलेत.

तू फक्त विश्वास ठेव. आयुष्यात पहिल्यांदाच मी तुला काहीतरी देतेय, ते मला नीट देऊ दे.

लोभ वाढत जावो, गोळा कमी होत जावो.

तुझं
शेपूट

*

२२ एप्रिल

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद.

हात टेकले तुझ्यापुढं! काल बाईंनी आम्हा दोघींना गृहीतकाची चाचणी सांगितली, बालवाडीतल्या पोरांना सांगावी तशी, खडूनं जमिनीवर, आणि नर्सचं डोकं एकदम उघडलं. मी चाकापाशी गप्प बसून होते आणि मला रडू आलं. अकरा वर्षं मी समजत होते की माझ्या डोक्याला गंज चढलाय. चढला नव्हता.

बाईंनी पुस्तक द्यायला कुरकुर केली. म्हणाल्या की निदान निर्देशांकांचा धडा चाळून ठेवते, त्यात काय बिघडलं. मी त्यांना सांगितलं की माझी बहीण विद्यापीठात हेच करते, तिला जास्त कळतं. दिलं त्यांनी. दुकानातल्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. काल माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला. बाबांनी तो डोळ्यांपाशी धरून सगळा पाहिला, एक अक्षर न कळता, आणि शेजारच्यांना दाखवायला नेला. अजून परत आणलेला नाही.

लोभ आहे, आणि या खेपेला थोडा अभिमानही.

तुझी
ताई

*

१६ मे

चि. शेपटास,
आशीर्वाद.

पेपर झाला. बाबांना थोडा खोकला आहे, औषध चालू केलंय. उकाडा फार आहे. बाई येऊन त्यांचं पुस्तक घेऊन गेल्या.

तुझ्या नऊजणांचे पेपर चांगले गेले असतील. सुट्टीत लगेच निघू नकोस, तुझं काम नीट आटप.

तुझी
ताई

*

११ जून

ताई,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू?

तुझ्या त्रोटक पत्रानंतर मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. मी समजले की तू निकालाच्या काळजीत आहेस. काल टोपणवाल्याचा एक अर्ज द्यायला परीक्षा विभागात गेले होते. टेबलावर उरलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. संख्याशास्त्र, पेपर तिसरा. हातात घेतली आणि पहिल्या प्रश्नापासून वाचत गेले. निर्देशांक. आयुर्मानाची कोष्टकं. कालमालिका. माझ्या कागदांतलं फक्त सहसंबंधाचं एक उदाहरण.

कारकुनांना विचारलं. ते म्हणाले की शेवटच्या संधीवाल्यांना त्यांच्या काळचाच अभ्यासक्रम असतो, तसं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी ती सूचना काढून दाखवली. दोन कागद होते, ताई, एकावर एक टाचलेले. मी वरचा उतरवून घेतला. खालचा उचलून पाहिला नाही. तिथंच उभी असूनही, इतकी आनंदात होते.

तू मला विचारलं होतंस. अगदी सरळ विचारलं होतंस, आपण सगळं वाचतोय ना म्हणून. आणि मी तुला पोटातल्या गोळ्याचं शहाणपण शिकवलं. बाईंचं पुस्तक कपाटात ठेवायला मी लावलं. सगळ्यांना पुन्हा बसू द्या म्हणून अर्ज केला, तो सकाळीच परत आला. नोंदवही बंद झाली आहे.

माझ्या नऊपैकी आठजण पास झाले. पुढच्या वर्षीचे गटप्रमुख मी तयार करावेत असं सरांनी आज वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं आणि टाळ्या झाल्या. मी काय करू ते सांग. ओरड तरी. परवा निघून येऊ का?

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी नाही.

शेपूट

*

२४ जून

चि. शेपटास,
आशीर्वाद.

येऊ नकोस.

पेपर हातात पडल्यावर पहिल्या मिनिटातच मला ते कळलं. दुसऱ्यांदा वाचला, वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचा मिळाला. पर्यवेक्षकांना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. सहसंबंधाचं उदाहरण सोडवलं, दोनदा ताळा केला. मग पावणेतीन तास बसून राहिले, कारण उठून गेले असते तर त्या दोघीही उठल्या असत्या असं मला वाटलं. बाई माझ्या पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी एकदाच मागं वळून पाहिलं. पुस्तक घ्यायला आल्या तेव्हा किल्ली माझ्या हातातून घेतली, कपाट स्वतः उघडलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. निर्देशांकांच्या धड्यावर दोन प्रश्न होते, चाळीस गुणांचे. पास व्हायला पस्तीस लागतात. नर्स जिन्यात भेटते, ती अजून हसून बोलते, आणि ते जास्त जड जातं.

तुला कळवलं नाही, कारण तुझ्या नऊजणांचा निकाल लागायचा होता. ओरड म्हणतेस. राग आला, खूप आला. एवढा कधी कुणाचा आला नव्हता. आईचाही नाही, ज्या वर्षी तिच्यासाठी सोडलं त्या वर्षीसुद्धा. तुझ्यावर येतो, मग स्वतःवर येतो, कारण पुस्तक माझ्या हाताशी होतं आणि त्या बाई दर गुरुवारी विचारत होत्या. मग परत तुझ्यावर. तुझी चूक एका कागदाची आहे हे मला कळतं. कळून राग जात नाही. तो कधी जाईल मला माहीत नाही, आणि तो जायच्या आत तू समोर आलीस तर मी असं काही बोलेन जे परत घेता येणार नाही.

यंत्र आलं. माझं चाक कोपऱ्यात सरकवून त्यावर कापड टाकलंय. मालकांनी ऑगस्टअखेरपर्यंत गल्ल्यापाशी बसायला सांगितलंय, पुढचं ठरलेलं नाही. नव्यानं नाव घालून तीन वर्षं करायची म्हटलं तर तेव्हा मी छत्तीसची असेन. माहितीपत्रक डब्यातून काढून टाकलं. बाबांना सांगितलं. त्यांनी शेजारच्यांकडून कागद परत आणला.

सरांचं काम घे. तुला ते खरंच चांगलं येतं. नव्या गटप्रमुखांना मात्र सांग की कुणी विचारलं, आपण सगळं वाचतोय ना, तर त्या एका प्रश्नाला गप्प बसायचं नाही.

काल गुरुवार होता. मागच्या खोलीत मी एकटीच गेले, स्टुलावर बसले आणि सवयीनं कोरा कागद घेतला. दोन्ही बाजू भरल्या, मग दुसरा घेतला. महिनाभर उघडूनही पाहिलं नव्हतं, तरी तुझे सगळे बाराच्या बारा कागद जसेच्या तसे उतरले. ते दोन्ही सोबत पाठवतेय, घरात ठेववत नाहीत. तू लाल शाई घेऊन बसशील, म्हणून आधीच सांगते, तपासू नकोस. मी तपासलेत. एकही चूक नाही.

लोभ आहे, तो कुठं जात नाही. पत्र मात्र मी लिहीन तेव्हाच लिही.

तुझी
ताई