वजीर आडवा असताना केलेली निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, काम जनावरांची शुश्रूषा, आज मंगळवारी सकाळी सात वाजता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे आणि कोणत्याही माणसाचं माझ्यावर दडपण नाही. दडपण आहे ते घड्याळाचं. बारा वाजता मला इस्पितळात न्यायला गाडी येईल आणि उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलतील. सर्जन म्हणाले, "बहुतेक जण बरे होऊन घरी जातात." हे 'बहुतेक' मीही लोकांना त्यांच्या जनावरांबद्दल तीस वर्षं ऐकवलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे काही सापडलंच, तर ते रद्दबातल समजावं.

आणखी एक गोष्ट आरंभीच नोंदवते. पहाटे पाचपासून वजीर आडवा आहे. वजीर म्हणजे मी चालवते त्या टाकून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यातला सर्वांत जुना बैल. वय अंदाजे एकोणीस, पैकी बारा वर्षं वीटभट्टीवर गेली. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर त्याचे मागचे पाय फाकले आणि तो बसला तो बसलाच. एवढं वजनदार जनावर एका कुशीवर फार वेळ पडून राहिलं, तर खालच्या पायातलं मांस त्याच्याच भाराने मरायला लागतं. म्हणून दर दोन तासांनी त्याला पलटावं लागतं, आणि म्हणून हा कागद सलग लिहिला जाणार नाही. अक्षर मध्येच बदललेलं दिसलं तर कुणी बनावट म्हणू नये. बैल पलटून आलेला हात असाच लिहितो.

कलम पहिलं. घर, गोठे आणि सभोवतालची जमीन ही माझी स्वकष्टार्जित स्थावर मिळकत असून ती माझ्या पश्चात निवाऱ्याच्या नोंदणीकृत संस्थेला द्यावी. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही औषधं आणि चारा यांसाठी संस्थेलाच द्यावं. इथलं शेवटचं जनावर जिवंत असेतो जमीन विकता येणार नाही. उत्तरेकडचा कुंपण घातलेला तुकडा नव्या जनावरांसाठी राखीव राहील. येईल त्या जनावराने तीन आठवडे तिथे वेगळं राहायचं, मग ते कितीही गोजिरवाणं असो. एकदा एका कोकराची दया येऊन मी त्याला सहाव्या दिवशीच कळपात सोडलं होतं. पंधरवड्यात सतरा मेंढ्यांची तोंडं फोडांनी भरली. दोघी खाता येईना म्हणून गेल्या. दया करणाऱ्याने आधी हात धुवावेत, हे मी तेव्हा शिकले.

कलम दुसरं. खूर कापायच्या सुऱ्या, कानशी, दोन्ही चिमटे आणि धार लावायचा दगड उस्तादला द्यावा. हा आमचा खूर कापणारा. त्याच्याइतका हलका हात मी कुणाचा पाहिला नाही आणि त्याच्याइतकं जड तोंडही. जनावरांच्या आजारपणाच्या वह्या संस्थेकडे राहतील. त्यांत माझ्या चुकाही शाईने लिहिलेल्या आहेत. त्या कुणी भक्तिभावाने खोडू नयेत.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी काहीही देत नाही, कारण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही, असं वकिलांनी बजावलं आहे. त्यांना जे द्यायचं ते हयातीतच दिलं आहे. चहा आणि बोलणी.

कलम तिसरं, ज्यांना काही मिळणार नाही त्यांच्याविषयी. माझे एके काळचे यजमान "मी किंवा ती शेळी" असं म्हणून घरातून गेले. त्यांचा या मिळकतीवर हक्क नाही. शेळी निदान अंधार पडायच्या आत घरी यायची. बुरशी लागलेलं खाद्य वरचं पोतं चांगलं ठेवून विकणाऱ्या पेंडवाल्याला या फाटकाच्या आत घेऊ नये. त्याची चार पोती आणि आमच्या अकरा कोंबड्या, एवढा हिशेब मी देवावर सोपवला आहे.

(नऊ वाजले. पलटून आलो. आम्ही चौघं होतो: मी, उस्ताद, डॉक्टरीणबाई आणि फाटकाशी राहणारी स्वयंपाकीण. मला जोर लावायची बंदी आहे, म्हणून मी डोकं धरलं. सलाईन चालू आहे. उजव्या मागच्या पायाला सुई टोचली तर तो पाय ओढतो, डाव्याचं नक्की सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माई, बारापर्यंत उठला नाही तर विचार करावा लागेल." मी म्हटलं, "मला बाराला निघायचंय. विचार आधीच करा.")

कलम चौथं. हेच मुख्य आहे, म्हणून नीट लिहिते. कोणतं जनावर वाचवायचं आणि कोणाला सोडायचं, हा शेवटचा शब्द माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाचा राहील. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. माझ्या पलंगाखालची लोखंडी पेटी आणि आईचं घड्याळ मी त्याला देते.

हे वाचून अनेकांच्या भुवया चढतील, कारण कालपर्यंत अकरा वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. तेव्हा कारण सांगते.

माझा भाऊ जनावरं बाजाराला नेणारा ट्रक चालवायचा. मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस होते. एके दिवशी त्याने माझ्या दारात ट्रक उभा केला आणि पाय मोडलेली म्हशीची रेडी उचलून खाली ठेवली. म्हणाला, "ताई, हिला कुणी घेणार नाही, आणि मला हिला खाली ढकलवत नाही." कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून मी तिला टिकली म्हणू लागले. निवारा सुरू झाला तो असा. पुढे छापून आलेल्या बातम्यांत मला दृष्टान्त झाल्याचं लिहिलं आहे. दृष्टान्त वगैरे काही नव्हता, माझा भाऊ होता.

टिकलीचा पाय मी चार महिने बांधला. हाड जुळलं नाही. जखमेत पू झाला, मग सांधा सुजला. मी रोज धुवायचे, बांधायचे आणि वहीत 'किंचित सुधारणा' असं लिहायचे. भाऊ दर आठवड्याला यायचा, तिच्याशेजारी उकिडवा बसायचा. शेवटी म्हणाला, "ताई, ती खात नाही. कान पाडून बसते. सोड तिला."

"तुझं काय जातं? ट्रकात भरून नेणारा तू!"

हे मी बोलले. दोन दिवसांनी मी औषधं आणायला गेले असताना त्याने डॉक्टर बोलावला आणि टिकलीला इंजेक्शन दिलं. मी परतले तेव्हा ती चादरीखाली होती आणि तो शेजारी बसून रडत होता. मी त्याला सांगितलं, "या फाटकातून परत आत पाय टाकायचा नाहीस." त्याने टाकला नाही. पुढे ट्रकही सोडला. पण कुठे जखमी गाढव दिसलं, कुठे गाभण मेंढी टाकून दिलेली दिसली, की ती आणून फाटकाला बांधून जायचा. मी दावं सोडायला जायचे तेव्हा रस्ता रिकामा असायचा.

तो बरोबर होता. टिकलीचा पाय चार महिने माझ्यासाठी बांधलेला होता, तिच्यासाठी नव्हे. हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. सांगायला नऊ वर्षं लागली, आणि तेही हे कागदावर लिहून. काल मी त्याला फोन करून एवढंच म्हटलं, "उद्या ये. सह्या करायच्यात."

(साडेदहा. तो आला आहे. पुढचं जसं घडलं तसं लिहिते, कारण कलम चौथं त्यावरच उभं राहील.)

तो फाटकाबाहेर उभा राहिला. केस पार पांढरे झालेत. मी म्हटलं, "आत ये." तो म्हणाला, "येऊ?" मी म्हटलं, "पाया पडू का आता?" तेव्हा आला.

वजीरला पाहून तो थेट त्याच्याजवळ गेला. मला वाटलं होतं, आधी आमचं बोलणं होईल. मी त्याला चौथं कलम वाचायला दिलं. उभ्याउभ्या वाचून त्याने कागद परत केला.

मी म्हटलं, "तर मग आत्ताच सांग. दीड तास राहिलाय. मी जायच्या आधी याचं इंजेक्शन होऊन जाऊ दे. याला असं टाकून मला जाता येणार नाही."

तो उकिडवा बसला. वजीरच्या कानाच्या मुळाशी हात लावला, मग नाकाशी मूठभर ओला चारा धरला. वजीरने आधी वास घेतला, मग जीभ काढून तो ओढला. भावाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोट चालू आहे?"

"चालू आहे."

"शेण?"

"सकाळी टाकलंय."

"स्वतः उठायला बघतो का?"

"दोनदा बघितलं. पुढचे गुडघे टेकवतो, मागून जोर मिळत नाही."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, याला उठायचंय. घाई तुला झालीय. तू जाणार म्हणून याला आधी धाडतेस?"

माझ्या छातीत धस्स झालं, आणि ते झडपेमुळे नव्हतं. टिकलीला मी स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं आणि वजीरला स्वतःसाठीच संपवायला निघाले होते. चूक तीच होती, फक्त उलटी घातलेली. मला राग आला. ओरडावंसं वाटलं. पण सही माझीच व्हायची होती, कलम माझंच होतं. मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"खाली वाळू टाका. पट्टे आहेत?"

पट्टे होते. उस्तादने तुळईला चेनपुली अडकवली. छातीखालून एक आणि मांड्यांच्या पुढून एक असे रुंद पट्टे घेतले. फरशीवर वाळू पसरली. पहिल्यांदा उचललं तेव्हा वजीरचे मागचे पाय दोरीसारखे लोंबले. खाली घेतलं. दुसऱ्यांदा उजवा खूर टेकला, डावा मुडपला. तो हंबरला, आणि मी डोळे मिटून घेतले. भाऊ त्याच्या शेपटीच्या मुळाशी खांदा लावून उभा होता. हळू आवाजात म्हणत होता, "चल बाबा, चल, तुझ्या मागे मी आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एकदाच. यापुढे त्याला त्रास होईल."

तिसऱ्यांदा साखळी कडकडली. डावा खूर वाळूत रुतला, सरकला, थांबला. वजीर थरथरत होता. पट्टे ताणलेले होते. मग एक पट्टा सैल दिसला. उस्तादने साखळी एक कडी सोडली, आणखी एक सोडली. वजीर उभा होता. स्वतःच्या चार पायांवर उभा राहून त्याने लघवी केली, आणि डॉक्टरीणबाई त्या आवाजाने हसता हसता रडल्या.

चार मिनिटं उभा राहिला. मग अवघडत स्वतःच बसला, दुसऱ्या कुशीवर. उद्या उठेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण ते ठरवायला माणूस आहे.

कलम चौथं मी कायम करते.

कलम पाचवं, आत्ता सुचलेलं. वकील म्हणतील की हे मृत्युपत्रात बसत नाही, म्हणून वेगळ्या कागदावरही लिहून इस्पितळात देत आहे. उद्या टेबलावर माझं काही बिघडलं आणि मला धड जगताही येईना, धड मरताही येईना, तर माझ्याविषयीचा शब्दही माझ्या धाकट्या भावाचा. हे वाचल्यावर त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "ताई, माणसाचं मला काही कळत नाही."

मी म्हटलं, "माझं कळतं. पुरे तेवढं."

त्याने पेन मागितलं.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही करून पुरं केलं. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. गाडीच्या चालकाने आतला मजकूर वाचलेला नाही. "ताई, उशीर होतोय" एवढंच तो दोनदा म्हणाला आहे.

सही: माई

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: गाडीचा चालक

व्यवस्थापकाची मान्यता, त्याच्याच अक्षरात: मान्य आहे. वजीरला एक वाजता पलटायचं आहे, म्हणून मी गाडीबरोबर येत नाही. पलटून झालं की लगेच निघतो. मी पोचेपर्यंत ताईला आत नेऊ नये. — धाकटा भाऊ

ठिकाण: निवाऱ्यातली औषधांची खोली
दिनांक: ९ जानेवारी २०२४, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं