बेचाळीस घरांची कॉफी

३ ऑक्टोबर १९६७
०.३६! बेचाळीस घरं पालथी घालून हाती काय, तर ०.३६! घरात माणसं जास्त तर कॉफी जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझे आकडे तेवढं कबूल करायला तयार नाहीत. नातं पक्कं असतं तर उत्तर एकाच्या आसपास यायला हवं. भीमाचार्य सरांनी कॉलेजच्या हिशेबाच्या हातमशीनवर स्वतः करून पाहिलं. म्हणाले, "फार क्षीण नातं आहे. कंप्युटरवर बघा, काय निघतं ते."

संशोधन संस्थेतल्या कंप्युटरवर आमच्या वर्गाला यंदा प्रथमच वेळ मिळाला आहे. माणशी दहा मिनिटं. ज्याचं काम सगळ्यांत चोख त्याला तीन महिने तिथेच शिकायला घेणार. जागा एकच. वर्गात अकरा मुलगे आणि मी. मला ती जागा हवी आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

७ ऑक्टोबर
दिवसभर संस्थेत कार्डं पंच केली. एका घराचं एक कार्ड — माणसं किती, महिन्याला कॉफीपूड किती — सगळं भोकांत. ही माहिती खरं तर आईची. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एकेकीला गाठून तिनेच विचारली. मी वही घेऊन गेले असते तर आमच्या जयनगरात कुणी पाण्यालाही विचारलं नसतं!

तिथले ऑपरेटर नंदकिशोर म्हणजे जमदग्नी. "एक भी कार्ड मुड़ा तो वापस." मी कार्डं बिस्किटांच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून बसमधून घरी आणली.

१२ ऑक्टोबर
खंडेनवमी. अण्णांचे पाने-हातोड्या, आईची विळी, कात्री, माझी पुस्तकं, सगळं पाटावर. आता दसरा होईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही. इतका शहाणा नियम दुसरा नसेल.

१४ ऑक्टोबर
सत्यानाश.

आज माझी पाळी. संस्थेत डबा उघडला तर गठ्ठ्याच्या कडेवर गंधाची पाच बोटं! वरच्या कार्डाला हळदकुंकू, अक्षता. गंध आत मुरून कार्डं एकमेकांना चिकटलेली. नंदकिशोरनी वरचं कार्ड दोन बोटांत धरलं. "यह मशीन है, मंदिर नहीं." मागे वर्गातला पद्माकर हसला. त्याचा पावसाच्या आकड्यांचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला होता.

घरी येऊन आईवर नको तेवढी ओरडले. ती म्हणाली, "अगं, अण्णांच्या पान्याला लावलं, विळीला लावलं. तुझं तर केवढं यंत्राचं काम. त्यालाच कशी वगळू?"

मी जेवले नाही.

१५ ऑक्टोबर
बोलले नाही. तीही नाही. अण्णा मधल्या मध्ये पेपर वाचत बसले, तोही कालचा.

१६ ऑक्टोबर
सरांनी शब्द टाकला. परवा दुपारी दोन वाजता पाच मिनिटं मिळतील. उद्या कार्डं सगळी नव्याने पंच करायची.

संध्याकाळी यादी करायला बसले तर आई आपणहून समोर येऊन बसली. वही ओढून घेतली आणि एकेक घर वाचायला लागली. राग धरून लिहीत होते, पण तिचा आवाज ऐकत ऐकत तो कधी उतरला कळलंच नाही. सतराव्या घराला ती थांबली.

"तानूअक्का. माणसं तीन, कॉफी पाच किलो."

"पुढे?"

"पुढे काय? तीन माणसं पाच किलो कशी पितील गं?"

"तूच आणलंस ना? मला वाटलं, असेल कॉफीचं वेड."

"आणलं की! पण तिच्याकडे कारखान्यातली पंधरा पोरं असतात रोज. जेवायला, कॉफीला. खानावळ आहे तिची. तू म्हणालीस घरातली माणसं विचार, मी घरातलीच विचारली."

मी वेड्यासारखी हसत सुटले. दोन महिने झाले, ते घर माझ्या डोळ्यांसमोर होतं!

१८ ऑक्टोबर
चाललं! पाच मिनिटंही लागली नाहीत. बेचाळीस घरं धरून ०.३६. तानूअक्का वगळून ०.८६. कागद मशीनमधून बाहेर येताच मी दोन्ही आकडे दोनदा वाचले.

सर मात्र खूश दिसले नाहीत. "अडचणीचं घर वगळलं की नातं जुळतंच. ही लबाडी कशावरून नाही?" मी म्हणाले, दोन्ही उत्तरं दिली आहेत, वगळल्याचं कारणही खाली लिहिलंय.

"खानावळ आहे हे कुणी सांगितलं? कंप्युटरने?"

"आईने."

सरांनी खाली लिहिलेलं कारण वाचलं. मग कानडीत "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि उठले. त्यांचं 'सरी' म्हणजे काय समजायचं? पद्माकरचं काम फार देखणं आहे. ते मान्य करायला हवं. तरी मला ती जागा हवीच आहे.

२५ ऑक्टोबर
निकाल नाही. आई विचारत नाही. फक्त कॉफी जास्त गोड करते.

६ नोव्हेंबर
संस्थेत पहिला दिवस. कंप्युटरच्या कपाळावर माझं ते डब्यातलं वरचं कार्ड चिकटवलेलं, कुंकवासकट. नंदकिशोर मान वर न करता म्हणाले, "उस दिन से एक बार भी नहीं अटका. माँ से कहना, अगले साल खुद आएँ."