गाडीला इंजिन नाही

वरची वाडी, ता. गुहागर
१६ जानेवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास, मोरूदादाकडून.

आम्ही इकडे ठीक, तुम्ही तिघं मुंबईत मजेत असाल. अक्षर बघून चमकला असशील. चार वर्षं दर महिन्याला तुला पत्र येतं ते तुझ्या वहिनीच्या हातचं. या खेपेस मी लिहितोय, कारण ती विहिरीवर घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरात आहे. काळजीचं काही नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. तू घरी यावंस, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. ते मला नीट मांडता येत नाहीये, म्हणून आधी बातमी सांगतो.

खालच्या नारळाच्या बागेत साचलेलं पाणी काढायला चर खणून भोकांचा पाइप घालतोय. होय, तू सांगितला होतास तोच. हसू नकोस मेल्या. पन्नासांतले बावीस माड पिवळे पडले तेव्हा माझा ताठा उतरला. पाऊस जाऊन तीन महिने झाले तरी तिथे पोटरीपर्यंत चिखल. सांगलीकडे चिबड जमिनीत हे काम करणारा बाबू म्हणून एक कंत्राटदार आहे, तो यंत्रं घेऊन आला.

अरे, काय ते यंत्र! ट्रॅक्टरमागे खडीची गाडी. मी चारी बाजूंनी फिरून बघितली, वाकून खालूनही बघितली. गाडीला इंजिनच नाही! ना डिझेलची टाकी, ना बॅटरी. म्हटलं, "बाबू, ही खडी खाली ओढणार कोण? तू का मी?"

तो हसला. "काका, सगळी ताकद म्होरच्या ट्रॅक्टरची. बघा आता."

ट्रॅक्टरच्या पाठीतून एक दांडा बाहेर येतो, पीटीओ म्हणतात त्याला, तुला माहीतच असेल. त्याला गाडीचा दांडा जोडला आणि लिव्हर ओढला. मिनिटाला पाचशेचाळीस फेरे! वळणावर दांडा सांध्यात वाकतो, गाडी जवळ-लांब झाली की आत-बाहेर सरकतो, पण फिरायचा काही थांबत नाही. त्या फिरण्यावर साखळी, साखळीवर रूळ, रुळावर गाडीच्या तळाचा पट्टा, आणि पट्ट्यावरची खडी बाजूच्या पन्हळीतून थेट चरात, पाइपावर. ट्रॅक्टर मुंगीच्या चालीने पुढे सरकतोय. एकच इंजिन, स्वतः चालतंय आणि मागच्या तीन टन खडीलाही चालवतंय! मी तोंडात बोट घालून उभा. वहिनीला हाका मारून बोलावलं. ती म्हणाली, "अगोबाई, वाढप्यासारखी वाढतेय की! कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

दुपारी पऱ्याच्या काठावर, चराच्या तोंडाशी, पाइपातून पाणी आलं. अंगठ्याएवढी धार. गुरू, आबांच्या वेळेपासून त्या बागेत ठाण मांडून बसलेलं पाणी आपलं आपण बाहेर चाललं होतं. मी चप्पल काढली. खरंच काढली. आणि पहिली आठवण तुझी झाली. तू हेच सांगत होतास, आणि मी पाहुण्यांदेखत म्हटलं, "मुंबईचा फिटर मला माती शिकवणार?" तू ताटावरून उठलास तो आजतागायत आला नाहीस.

आता पुढचं. वर "विहिरीवर घसरली" असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, तुला दिसू दे.

त्या दांड्यात एक बोल्ट असतो. काही अडकलं की आधी तो तुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तीनदा तुटला, कारण खडीत जांभ्याचे गोटे आले होते. बाबू दर वेळी नवा घाली, तोवर काम ठप्प. माझं डोकं फिरलं. तो नाश्त्याला गेला तेव्हा माझ्या डब्यातला त्याच मापाचा, पण पक्का पोलादी बोल्ट मी तिथे ठोकून बसवला. तू फिटर, पुढचं तुला आताच कळलं असेल. मला मात्र वाटलं, काय अक्कल चालवली! बाबूने येऊन यंत्र सुरू केलं. गोटा अडकला. बोल्ट तुटला नाही, साखळी तुटली. तिचा तुकडा उडाला तो चहाची किटली घेऊन आलेल्या वहिनीच्या मनगटावर. हाडाचे दोन तुकडे. चिपळूणला नेऊन बसवलं.

बाबूने तो बोल्ट काढून माझ्या हातात ठेवला. ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "काका, ह्यो मुद्दाम कच्चा ठिवत्यात. ह्यो तुटतो म्हणून बाकीचं ऱ्हातं."

गुरू, ज्याने हे यंत्र काढलं त्याला मी मनातल्या मनात साष्टांग घातला. एवढ्या ताकदीच्या मधोमध जाणूनबुजून एक कमजोर जागा ठेवायची, ही बुद्धी त्याला कुणी दिली असेल! माझ्यात अशी एक जागा असती तर त्या दिवशी तू जेवून उठला असतास.

विहिरीची गोष्ट वहिनीची. डॉक्टरांना, शेजारच्या जनीला, सगळ्यांना तिने तेच सांगितलं. मी म्हटलं, "अगो, खरं कळलं तर गुरू धावत येईल. पाचव्या वर्षापासून तू वाढवलायस त्याला." तर म्हणते, "हात मोडला म्हणून आले तर हात बघून परत जातील. तुम्ही बोलावलंत म्हणून भाऊजी यायला हवेत."

काल तिने आणखी एक सांगितलं. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली ती "दादांचे आशीर्वाद" असं लिहायची. मी ते कधीच सांगितलं नव्हतं. चार वर्षं ती माझ्या नावाने तुला आशीर्वाद देत राहिली, आणि मला पत्ता नाही.

गुरू, माझं चुकलं. हात बघायला येऊ नकोस. मी बोलावतोय, म्हणून ये.

अनेक आशीर्वाद. हे माझे आहेत.

मोरूदादा