बिनमटणाची चवळी

प्रिय ताई,

तुझ्या रेसिपीच्या चॅनलवरचा नव्या वर्षाचा व्हिडिओ पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला, कारण त्या दिवशी बाबांनी दुसरं काही लावूच दिलं नाही. तुझा ओटा फार सुंदर आहे. रोज तिथे कुणी स्वयंपाक करत असेल असं वाटत नाही, इतका स्वच्छ.

पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष सुखाचं जातं, हे आईचं म्हणणं, आणि तिची चवळी मटणाशिवाय कधी झाली नाही. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मटण बंद केलं, तेव्हा 'आजाऱ्याचं जेवण तूच खा' म्हणून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं होतं. मग सुट्टीच्या दिवशी मी काहीबाही करून बघायचे. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, चवळी शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, पालक त्यातच घालायचा, आणि मीठ कमी म्हणून वरून लिंबू. एकदाचं जमलं. बाबांनी पुन्हा मागून घेतलं, म्हणून मी लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, 'थांब, लिहून घेते.' मला वाटलं, घरी करणार असशील.

व्हिडिओत तू सांगितलंस की आईच्या चवळीला हे पौष्टिक रूप तू दिलंस, खास बाबांसाठी, आणि दर वर्षी आपल्या हाताने त्यांना वाढतेस. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, 'म्हणजे येणार आहे ती. आधी सांगितलं तर गंमत काय राहिली?'

एक जानेवारीला सकाळीच त्यांनी दाढी केली. तपकिरी स्वेटर घातला. मी चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी मागून घेतली. सवलतीचा दिवस, गिऱ्हाइकांची गर्दी, मालकाने तोंड वाकडं केलं. घरी येऊन चवळी केली आणि तुला फोन लावत बसले. तू उचलला नाहीस. 'कामात आहे' एवढा मेसेज आला. बाबा खिडकीशी बसून होते. खाली गाडी थांबली की उठायचे, दार वाजलं की स्वेटर खाली ओढायचे. दारात एकदा शेजारीण होती, एकदा पाण्याचं बिल घेऊन आलेला माणूस. चवळी गार झाली, मी गरम केली, ती पुन्हा गार झाली. शेवटी म्हटलं, गोळ्या घ्यायच्या आहेत, आता खाऊन घ्या. त्यांनी एक घास खाल्ला, चमचा ठेवला आणि म्हणाले, 'तिच्यासारखी नाही झाली.'

तुझ्या हातची त्यांनी कधी खाल्लेली नाही, ताई.

मी पातेलं घासायला घेतलं. आई गेल्यापासून या घरात तू पाहुणी आहेस, आणि पाहुण्यांचं कौतुकच होतं. रोज जो दिसतो त्याच्या मिठात खोट निघते. मला याची सवय झाली आहे असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबांनी माळ्यावरची बॅग स्वतःच खाली काढलेली. धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला. म्हणाले, 'मला तिच्याकडे सोड. ती एवढं करते माझ्यासाठी, आणि मी इथेच बसून राहतो.' खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. पण ते एकेक शर्ट मांडीवर घेऊन इतक्या हौसेने घडी घालत होते, की मीही खाली बसले आणि घड्या घालू लागले. तू फोन घेत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. शनिवारी दुपारी मी बाबांना घेऊन येते आहे. भेटायला नाही, राहायला. रात्री बाथरूमला जाताना त्यांचा तोल जातो, हात धरावा लागतो. गोळी घेतली म्हणतात, पण घेतलेली नसते. समोर उभं राहून द्यायची. मी बेल वाजवून जिन्यावरूनच मागे फिरेन. त्यांना बॅगेसह दारात बघून तुझा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नाही. त्यांनाही दिसू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी